मोठ्या शिडाचा दोर

बंदरामागच्या गल्लीत त्यांना सगळेच वहिनी म्हणत. होडीवाले म्हणत, रंगारी म्हणत, कोपऱ्यावर खिळे-साखळ्या विकणारी बाई म्हणे, एवढंच कशाला, त्यांच्याहून वयाने थोरला असलेला गोदीचा पहारेकरीसुद्धा टोपी उचलून "काय वहिनी?" असंच विचारी. कारण त्यांचा नवरा सगळ्यांचा दादा होता. शिडं शिवायची, फाटलेली जोडायची, आणि सुट्टीच्या दिवशी धाकट्या भावाला बरोबर घेऊन स्वतःची होडी समुद्रात काढायची, हे दादांचं आयुष्य. दोन वर्षांपूर्वी दादा गेले. ज्यांच्यामुळे साऱ्या गल्लीशी नातं जडलं होतं तेच मधून उठून गेले, आणि वहिनी मात्र वहिनीच राहिल्या. प्रयोग संपला, प्रेक्षक घरी गेले, तरी तोंडावरचा रंग न उतरवता बसून राहिलेल्या नटीसारख्या.

मूलबाळ नव्हतं. दोन खोल्या होत्या, मागे फरशी घातलेलं चिंचोळं अंगण होतं, आणि दोर होते.

शिडाच्या होड्यांचे दोर धुऊन द्यायचे, हे वहिनींचं काम. समुद्रावरचा दोर मीठ पीत राहतो. एक-दोन हंगाम गेले की काठीसारखा ताठ होतो, काळा-हिरवा पडतो, शेवाळाचा वास मारतो, आणि ओढणाऱ्याचा तळहात सोलून काढतो. लोक म्हणतात, फेकून द्या. वहिनी म्हणत, "माणूस म्हातारपणी ताठ झाला म्हणून फेकता का? आधी भिजवून तर बघा."

भिजवणं हाच त्यांचा खरा मंत्र. मोठ्या टबात गोडं पाणी, त्यात दोर बुडवायचा, पाणी बदलायचं, पुन्हा बुडवायचा. किती वेळा बदलायचं ते जिभेला विचारायचं. बोट बुडवून वहिनी पाणी चाखत. खारट लागलं की ओतून टाकत. दादा होते तेव्हा ओरडायचे, "अगं, एक दिवस विषबाधा होऊन मरशील!" त्यावर उत्तर ठरलेलं, "तुमच्या होडीच्या पाण्याने मरायचं असतं तर लग्नाच्या वर्षीच मेले असते."

मीठ निघालं की दोर साखळीसारखा विणून घ्यायचा, एका फाशातून दुसरा फासा, म्हणजे गुंता होत नाही. तो उशीच्या जुन्या अभ्र्यात कोंबायचा, तोंड घट्ट बांधायचं, आणि कपडे धुवायच्या यंत्रात थोडासा साबण टाकून अगदी हळू फिरवायचा. गरम पाणी नाही, कपडे पांढरे करायचं औषध तर मुळीच नाही. त्याने दोर वरून गोरा दिसतो आणि आतून कुजतो. शेवटी सावलीत वाळवायचा. अंगणात ऊन यायचं, म्हणून दोर घरातच बांधले जात, पुढच्या दारापासून मागच्या खिडकीपर्यंत आणि कपाटाच्या मुठीपासून पलंगाच्या पायापर्यंत. आल्यागेल्याला वाकून चालावं लागे. पण येणार-जाणार होतं कोण? वाकायच्या त्या एकट्याच.

कारण दोर यायचे, माणसं येत नसत. दाराबाहेर एक हूक होता. लोक पोतं अडकवून जात, चार दिवसांनी धुतलेल्या दोराची पिशवी काढून नेत. दोर मात्र मालकांच्या चुगल्या करत. हा बिड्या ओढतो, वास बघा. ह्याच्या घरी लांब केसांचा कुत्रा आहे. ही बाई नीटनेटकी दिसते, पण दोर गुंडाळायचा आळस करते. बाजारात कुणी हसून बघितलं की वहिनींना नाव आठवत नसे. मनात येई, अरे, हा तर पिवळा दोर, निळ्या रेघेचा. मग त्याही हसत. पिवळा दोर पुढे निघून जाई.

अशा घरात एका दुपारी पोतं खांद्यावर घेऊन एक सबंध माणूस आत शिरला.

"वहिनी, आहात का? की दोरात अडकलात?"

"अडकले तरी सोडवायला कोण येणार आहे? या भावजी. वाकून या, डोकं आपटेल."

"आमच्या घराण्याचं डोकं मजबूत असतं."

"म्हणूनच आत काही शिरत नाही."

हे धाकटे दीर. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत. बायको, मुलगा, सून, नातवंडं, भरलेलं घर. दादा गेल्यापासून त्यांचं येणं कमी होत होत जवळजवळ थांबलंच होतं. कधी रस्त्यात भेटत, आणि निघता निघता "या ना एकदा आमच्याकडे" असं म्हणत. म्हणत ते नेहमी निघतानाच.

पोतं खाली ठेवून भावजी खुर्चीत बसले. म्हणाले, "होडी दोन वर्षं ताडपत्रीखाली आहे. पोरगा म्हणतो, बाबा, विकून टाका. एक दातांचा डॉक्टर ती विकत घ्यायला मागेच लागलाय."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणतो, एकदा शीड चढवून बघतो. जमलं तर ठेवली. नाही जमलं तर डॉक्टर आहेच." पोत्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "सगळे दोर धुऊन द्या, वहिनी. त्यात मोठ्या शिडाचा दोर आहे. तो जरा..."

"जरा काय?"

"काही नाही. दादा सोडून त्याला कुणी हात लावला नाही कधी."

एवढं बोलून ते गेले. वहिनींनी पोतं उघडलं तेव्हा आतून ओल्या तळघराचा वास आला. मोठ्या शिडाचा दोर कोणता ते लगेच कळलं, तो सगळ्यांत लांब होता आणि सगळ्यांत काळा. त्याला मुळात रंग कोणता होता हे सांगता आलं नसतं.

धुण्याआधी वहिनींचा एक रिवाज असे. खूप पूर्वी एकदा दोराचे सुटलेले धागे यंत्राच्या नळीत अडकले होते आणि सगळं पाणी घरभर झालं होतं. तेव्हापासून दोर भिजवण्याआधी त्या छोटी कात्री घेऊन बसत आणि टोकापासून टोकापर्यंत जिथे धाग्याचं टोक बोटाला लागेल तिथे कात्री चालवत. ह्या दोराचेही असे काही धागे निघाले. मळाने इतके चिकटले होते की नखाने उकरावे लागले. वहिनींनी ते कापले, केरात टाकले, आणि दोर पाण्यात सोडला.

किती पाणी बदललं! पहिलं पाणी चहासारखं निघालं. पण शेवटी तो अभ्र्यातून बाहेर आला तेव्हा पांढराशुभ्र होता, अंगावर दोन निळ्या रेघा. हातात घेतला तर लोकरीसारखा मऊ. दोन वर्षांत पहिल्यांदा वहिनींना कुणाला तरी हाक मारून काहीतरी दाखवावंसं वाटलं. हाक मारायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी तो पुढच्या खोलीत अगदी मधोमध बांधला.

भावजी आले, बघत राहिले. "वहिनी, हा नवा आणलात की काय?"

"गुण घ्या, दोष देऊ नका."

ते हसत हसत दोर हातातून सरकवू लागले. सरकवता सरकवता हसू ओसरलं. पुन्हा पहिल्या टोकापासून सुरुवात केली. मग म्हणाले, "टाके कुठायत?"

"कसले टाके?"

"दादाने घातलेले. काळ्या दोऱ्याचे. तीन ठिकाणी."

वहिनींनी हातातली कपबशी खाली ठेवली. "मी कापले," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, सुटलेले धागे आहेत."

भावजी ओरडले असते तर बरं झालं असतं. ते दोराखाली खुर्ची ओढून बसले आणि समजावून सांगू लागले, तेही हळू आवाजात. होडीवर दोर पकडून धरायला दातेरी चिमटा असतो. शीड वर ओढायचं आणि दोर त्या चिमट्यात अडकवायचा. पण किती ओढायचं? वारा मंद असेल तर शीड थोडं सैल हवं, वारा चढला की ताठ. ते माप दादांनी वर्षानुवर्षं बघून बघून शोधलं होतं आणि दोरावर टाके घालून ठेवलं होतं. पहिला टाका चिमट्याशी आला की मंद वाऱ्याचं शीड. दुसरा, मध्यम. तिसरा, जोराचा.

"पण तुम्ही तर कायम बरोबर असायचात. तुम्हाला माहीत नाही?"

"मी सुकाणूवर. दादा पुढे डोलकाठीशी. तो ओरडायचा, 'दुसरा टाका!' की मला कळायचं, आता वारा वाढलाय, सांभाळ. शिडाकडे मी कधी बघितलंच नाही हो, वहिनी. दादा बघायचा." मग उगाच हसून म्हणाले, "मला वाटलं तुम्हाला टाके ठाऊक असतील."

"मी त्या होडीवर पाय तरी ठेवलाय का?"

हे खरंच होतं. लग्नानंतर दादांनी एकदा हौसेने त्यांना नेलं होतं. बंदराच्या तोंडाशी पोचायच्या आतच वहिनींच्या पोटात असं ढवळलं की होडी परत फिरवावी लागली. नवऱ्याचं अर्धं आयुष्य पाण्यावर गेलं आणि त्या अर्ध्या आयुष्यातलं वहिनींनी काही पाहिलं नाही. सकाळी एक माणूस जाई, संध्याकाळी खारट वासाचा एक माणूस परत येई. मधला अंक कधी दिसलाच नाही.

"राहू दे दोर इथेच," भावजी उठत म्हणाले. "बघतो काही आठवतंय का. रविवारी येतो."

त्या संध्याकाळी वहिनी दोर मांडीवर घेऊन बसल्या. स्वतःवरचा राग काढायचा म्हणून बसल्या म्हणा ना. डोळे मिटले आणि अंगठा व बोटाच्या मधून दोर ओढत राहिल्या. आयुष्यभर हेच केलेलं. बोटांना डोळ्यांपेक्षा जास्त कळायचं. गोल, गोल, गोल, आणि मग एका ठिकाणी अंगठ्याखाली दोर किंचित चपटा लागला. तिथलं विणकाम दबलेलं, गुळगुळीत. वहिनींनी डोळे उघडले. दिसत काहीच नव्हतं. पुन्हा मिटले. पुढे आणखी एक जागा. आणखी पुढे तिसरी. वर्षानुवर्षं त्याच जागी चिमट्याचे दात बसले होते. टाके कात्रीने गेले, पण दातांची जागा साबणाने जाणार नव्हती.

वहिनी एकट्याच मोठ्याने हसल्या. रविवारी भावजी आले की त्यांनी तोंड उघडायच्या आत सांगायचं, असं त्यांनी ठरवलं.

रविवारी भावजी आले ते बोलतच आले. "वहिनी, एक आठवलं! त्या बेटामागे एकदा वारा असा अचानक फिरला, आणि दादाने काय केलं माहितीये? गाणं म्हणायला लागला!"

"हे? गाणं?"

"अहो, बेसूर! माशांनी किनारा गाठावा असं. होडी आडवी होतेय, मी देवाचं नाव घेतोय, आणि हा डोलकाठीला मिठी मारून तान मारतोय. म्हणाला, भीती वाटली की गायचं, तोंड उघडं राहतं आणि दात वाजत नाहीत."

घरात दादांनी कधी एक ओळ गुणगुणली नव्हती. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिल्या. जिभेवर आलेलं वाक्य त्यांनी गिळलं. दोर भिंतीवर टांगलेला होता, तिकडे त्यांनी बघितलं नाही.

मग रविवार सरत गेले. भावजी अंदाजाने एका जागी खूण करत, दोर घेऊन होडीवर जात, शीड चढवून बघत, आणि तोंड पाडून परत येत. "सुरकुत्या पडतात, वहिनी. माझ्या चेहऱ्यापेक्षा जास्त."

"ते कठीणच आहे."

"चेष्टा करा. तुम्हाला काय!"

त्यांनी खूण भलत्याच जागी केलीय हे वहिनींना ते निघायच्या आधीच कळलेलं असे. तरी त्या गप्प बसत. कारण परत आल्यावर ते खुर्चीत बसत, चहा घेत, आणि शिडाचं माप आठवण्यासाठी दादांची आणखी एक सफर उलगडत. नक्कल पाठ असलेल्या नटाला प्रॉम्प्टर विंगेत उभा असल्याशिवाय एक शब्द सुचू नये, तशी त्यांची गत. ते माप शोधत, आणि वहिनींना नवरा सापडत जाई. धुक्यात दादा मुलासारखे घाबरत. उन्हात डोक्याला ओला रुमाल बांधत आणि स्वतःला राजा म्हणवून घेत. परतीला होडी वळवली की डब्यातून कंगवा काढून आधी केस विंचरत.

"कंगवा?" वहिनी म्हणाल्या.

"दर वेळी! मी विचारायचो, दादा, कुणाच्या लग्नाला चाललास? तर म्हणायचा, घरी जायचंय, नीट दिसायला नको?"

वहिनी उठून आत गेल्या आणि पुष्कळ वेळ नळ सुरू ठेवला. आयुष्यभर त्या म्हणत आल्या होत्या, समुद्रावरून येता की न्हाव्याकडून?

एवढं मिळत असताना तीन जागांचं कोण सांगेल? पुढच्या रविवारी सांगू, वहिनी मनाशी म्हणत. मनाला त्यांचा हा खेळ ठाऊक होता, तरी तेही हो म्हणे.

एकदा भावजी रविवार नसताना आले. आत आले नाहीत, उंबऱ्यावरच उभे राहिले. "बसत नाही, वहिनी. सांगायला आलो. डॉक्टरला उद्या हो म्हणतो."

"का?"

"ती होडी मला कळत नाही. दादाशिवाय मी तिच्यावर परका वाटतो. हंगाम निघून चाललाय. घरचेही हसायला लागले, बाबा रविवारी शिडाशी कुस्ती खेळायला जातात म्हणून." त्यांनी दाराच्या चौकटीवर हात टेकला. "दोर डॉक्टरलाच देऊन टाकू. छान धुतलाय तुम्ही."

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. होडी गेली की हे गेले, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. बोललं तरी हे जाणार, पाण्यावर. काही केलं तरी खुर्ची रिकामीच राहणार होती. पण एका वाटेने दादांची होडी दातांच्या डॉक्टरकडे जात होती.

"आत या," त्या म्हणाल्या. "बसा. मला थोडा वेळ द्या."

भिंतीवरचा दोर उतरवून त्या मांडीवर घेऊन बसल्या. सुईत लाल दोरा ओवला, डोळे मिटले. पहिली जागा आली, तिथे टाका घातला. दुसरी. तिसरी. भावजी बघत होते.

"असं कसं?"

वहिनींनी त्यांचा अंगठा धरून चपट्या जागेवर ठेवला. "चिमट्याचे दात. डोळे मिटा, म्हणजे लागेल."

भावजींनी डोळे मिटले. चेहरा हळूहळू बदलला. मग डोळे उघडले आणि तो पुन्हा बदलला. "कधी सापडलं हे?"

"तुम्ही दोर ठेवून गेलात, त्याच संध्याकाळी."

खोलीत बांधलेल्या कुठल्याशा दोरातून पाण्याचा थेंब पडला. भावजी म्हणाले, "म्हणजे मी तिकडे रविवारच्या रविवार घाम गाळत होतो..."

"हो."

"आणि तुम्ही इथे चहा करत होतात!"

"तुम्ही सांगत होतात, भावजी. मी ऐकत होते. मला ते कुठे दुसरीकडे ऐकायला मिळणार होतं?"

भावजी दोर गुंडाळू लागले. राग आला होता, पण तो ठेवायला जागा सापडत नव्हती. शेवटी म्हणाले, "एवढंच होतं तर बोलायचं ना, वहिनी. मी तसाही आलो असतो."

वहिनींनी सुई-दोरा डबीत ठेवला. भावजी खोटं बोलत नव्हते, त्यांना तसं मनापासून वाटत होतं. पण दोन वर्षं त्या दोघांच्या मध्ये बसलेली होती, आणि दोघांनाही ती दिसत होती. भावजींनी मान खाली घातली, दोर खांद्यावर टाकला आणि वाकून बाहेर पडले.

होडी पाण्यात सोडली त्या दिवशी वहिनी बंदरावर गेल्या. लाकडी धक्का हलतो, म्हणून त्या अलीकडे, दगडी भिंतीशी उभ्या राहिल्या. मोठं शीड वर जाताना भावजींचे हात दिसत होते. शीड चढलं, थोडं लुळं पडलं, पुन्हा ओढलं गेलं, आणि एका क्षणी त्याच्यावरची प्रत्येक सुरकुती निघून गेली. पहिला टाका, वहिनी पुटपुटल्या. शेजारी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला वाटलं, त्याला काही म्हणाल्या.

बंदराच्या तोंडाशी वारा वाढला. शीड आणखी ताठ झालं. दुसरा.

होडी वळता वळता भावजींनी तोंडाशी हात धरून काहीतरी ओरडून सांगितलं. वाऱ्याने ते शब्द मधल्या मध्येच उचलून नेले.

"काय?" वहिनी ओरडल्या.

त्यांनी पुन्हा काहीतरी सांगितलं. पुन्हा काहीच पोचलं नाही. तेव्हा वहिनींनी हात उंच केला आणि जेवढा आवाज होता तेवढा सगळा लावून म्हटलं, "हो! हो, भावजी!"

शीड भिंतीपलीकडे गेलं. थोडा वेळ त्याचं टोक दिसत राहिलं, मग तेही नाही.

"काय म्हणाले, वहिनी?" पहारेकऱ्याने विचारलं.

"संध्याकाळी चहाला येतो म्हणाले," असं सांगून वहिनी गल्लीकडे वळल्या. वारा उत्तम सुटला होता. असा वारा मिळाला की दोघे भाऊ अंधार पडेपर्यंत परतत नसत, हे एवढ्या रविवारांत ऐकून ऐकून त्यांनाही कळलं होतं.